चार खंडांच्या चार बायका आणि त्यांचा छापखाना: अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटस संग्रहालय

अँटवर्पला येणारी आपली मंडळी एकतर हिऱ्यांच्या कामासाठी येतात, नाहीतर ब्रसेल्सच्या सहलीला जोडून अर्धा दिवस काढतात, कॅथेड्रल बघतात, वॉफल खातात आणि परतीची गाडी धरतात. त्या अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस करा आणि व्रायडागमार्क्ट नावाच्या छोट्या चौकातलं प्लांटिन-मोरेटस संग्रहालय बघा, हे सांगण्यासाठी मी लिहायला बसले आहे. छपाई, नकाशे, जुनी चित्रं, किंवा युरोपने आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं हा प्रश्न, यांपैकी एकाही गोष्टीत तुम्हाला रस असेल तर ही जागा चुकवू नका. माझ्याकडून पाचपैकी पाच.

माझा पक्षपात आधीच सांगते. मी छापखान्यात वाढले. सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं आणि परीक्षेच्या दिवसांत शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या. शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचा, आणि रॉकेलचा वास नाकात बसला की आयुष्यभर जात नाही. आता नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये राहते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, आले की त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न पडत नाही.

हे संग्रहालय म्हणजे मुळात एका छापखान्याचं घर. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्सहून आलेला पुस्तकबांधणी करणारा कारागीर. त्याने १५५५ साली अँटवर्पला छपाई सुरू केली आणि १५७६ साली तो या चौकातल्या जागेत आला. १५५५ हा आकडा वाचल्यावर मला लगेच गोवा आठवलं, कारण भारतातला पहिला छापखाना गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्ये उभा राहिला तो १५५६ साली. जेझुइटांनी ते यंत्र खरं तर इथिओपियाला न्यायला निघताना बरोबर घेतलं होतं, ते गोव्यातच राहिलं. म्हणजे प्लांटिनच्या पहिल्या पुस्तकांची शाई वाळत होती तेव्हा मांडवीच्या काठीही छपाई चालू झाली होती. १५८९ साली प्लांटिन गेला, त्याचा जावई यान मोरेटस याने धंदा चालवला आणि पुढे त्याच घराण्यात तो तीनशे वर्षं राहिला. १८७६ साली अँटवर्प शहराने घर, यंत्रं, खिळे, हिशेबाच्या वह्या, ग्रंथालय सगळं एकत्र विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी लोकांसाठी उघडलं. २००५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. एखाद्या धंद्याचं सगळं सामान जागच्या जागी शिल्लक राहणं किती दुर्मिळ असतं, ते आमचं ट्रेडल भंगारात जाताना पाहिलेल्या मला कुणी समजावून सांगायला नको.

आत शिरण्याआधी दाराशी थांबा आणि छापखान्याचं बोधचिन्ह नीट बघा. ढगातून एक हात येतो, त्या हातात कंपास आहे, आणि भोवती लॅटिन शब्द आहेत, ज्यांचा अर्थ श्रमाने आणि स्थैर्याने. कंपासचं फिरणारं टोक म्हणजे श्रम, रोवलेलं टोक म्हणजे स्थैर्य. हे स्पष्टीकरण खुद्द प्लांटिनने देऊन ठेवलं आहे. पुढे आत जी रूपकचित्रं, म्हणजे खंडासारखी गोष्ट बाईच्या रूपात दाखवणारी चित्रं, दिसतात ती वाचायची रीत या एका खुणेत कळते. त्या काळच्या शिकलेल्या युरोपियन माणसाला चित्रातली प्रत्येक वस्तू काहीतरी सांगते हे माहीत असे, आणि चित्रकारही ते गृहीत धरूनच हातात कंपास देई, पायाशी मगर ठेवी, डोक्यावर मुकुट चढवी.

छपाईच्या दालनात लाकडी मुद्रणयंत्रं ओळीने उभी आहेत. त्यांतली मागच्या बाजूची दोन साधारण १६०० सालची, जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी. अण्णा केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खानेदार ट्रेंच्या, रांगांसमोर कितीतरी वेळ उभे होते. मग म्हणाले, "अगं, यांना किती कमी घरं पुरतात बघ! आपल्याला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून काय काय सांभाळावं लागायचं." त्यांची बोटं रिकाम्या हवेत खिळे जुळवायची स्टिक धरल्यासारखी हलत होती. दोन माणसं एका यंत्रावर, एक चामड्याच्या गोळ्यांनी शाई लावणार, दुसरा दांडा ओढणार. दिवसाला साधारण १,२५० ताव दोन्ही बाजूंनी छापून व्हायचे. १५७०च्या दशकात प्लांटिनकडे अशी सोळा यंत्रं चालत होती. अण्णांनी हा आकडा मला पुन्हा वाचून दाखवायला लावला.

बाजूलाच मुद्रितशोधकांची खोली आहे. खिडकीशी ओकचं जाड टेबल. इथे कॉर्नेलिस किलिआन नावाचा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं प्रुफं तपासत होता. खिळे जुळवण्यापासून त्याने सुरुवात केली आणि डच भाषेचा पायाभूत शब्दकोश त्याच्या हातून झाला. मुद्रितशोधकाला इतकी मानाची खोली देणारा मालक मला मनापासून आवडला. इथूनच पाच भाषांतलं आठ खंडांचं बायबल १५६८ ते १५७३ या काळात बाहेर पडलं. त्याच्या सुरुवातीच्या चित्रपानावर सिंह, लांडगा, बैल आणि कोकरू एकाच गव्हाणीत खाताना कोरले आहेत. पाच भाषा एकत्र नांदतात, धर्मात समेट होतो, स्पेनच्या राजाच्या छत्राखाली शांती येते, हा त्याचा अर्थ. तेव्हा या प्रदेशात त्याच राजाविरुद्ध बंड पेटलेलं होतं आणि १५७६ साली स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं. प्लांटिनला आपलं घर आणि यंत्रं वाचवण्यासाठी खंडणी मोजावी लागली.

मी ज्यासाठी खास जाते ती भूगोलाची खोली. ऑर्टेलियस आणि मर्काटर ही नकाशाकारांची दोन नावं इथे घरची आहेत. अब्राहम ऑर्टेलियस अँटवर्पचाच. नकाशे रंगवण्याच्या कामातून तो या धंद्यात आला, आणि २० मे १५७० रोजी त्याचा नकाशासंग्रह निघाला: ५३ ताम्रपटांवरून, म्हणजे तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यांवरून छापलेले नकाशे, एका मापाचे, एका रचनेचे, एकत्र बांधलेले. आधुनिक ॲटलास म्हणतो तो इथून सुरू होतो. पहिली आवृत्ती दुसऱ्याने छापली होती. १५७९ पासून तो प्लांटिनच्या छापखान्यात छापला जाऊ लागला.

नकाशे सुंदर आहेतच, पण माझा जीव अडकतो तो शीर्षकपृष्ठावर. एक कमान आहे, देवळाच्या दर्शनी भागासारखी. सगळ्यांत वर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली युरोप सिंहासनावर बसली आहे. डोक्यावर मुकुट, एका हातात राजदंड, दुसरा हात क्रूस असलेल्या पृथ्वीच्या गोलावर, जणू सुकाणू धरलं आहे. तिच्या दोन्ही बाजूंना गोल ठेवले आहेत, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. तिच्या खाली, खांबांशी, दोघी उभ्या आहेत. डावीकडे आशिया: भरजरी वस्त्रं, दागिने, हातात धुपाटणं आणि त्यातून निघणारा धूर. उजवीकडे आफ्रिका: जवळजवळ विवस्त्र, डोक्यामागे सूर्याचे किरण, हातात सुगंधी झाडाची डहाळी. आणि तळाशी, जमिनीवर पसरलेली अमेरिका: नग्न, हातात सोटा, दुसऱ्या हातात दाढीवाल्या माणसाचं छाटलेलं मुंडकं, मागे झोपायची झोळी टांगलेली, जवळ धनुष्यबाण. तिच्या शेजारी एका बाईचा नुसता अर्धपुतळा, छातीखाली ज्वाला. ती दक्षिणेकडची अजून न सापडलेली भूमी. दर्यावर्दी मॅगेलनने १५२० साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी ओलांडताना किनाऱ्यावर आगी पाहिल्या, म्हणून ज्वाला. आणि बाकी शरीर कुणी पाहिलेलं नाही, म्हणून नुसता अर्धपुतळा.

हा अर्धपुतळा मला या पानातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. जेवढं कळलं तेवढंच कोरलं. बाकीच्या चौघींच्या बाबतीत हा संयम पाळलेला नाही.

हे पान कुणी चुकीचं वाचू नये म्हणून ग्रंथात एक लॅटिन कविताही जोडली आहे. ती आडोल्फ व्हान मेटकेर्के याने लिहिली आणि तिच्यात एकेकीची ओळख करून दिली आहे. म्हणजे वर कोण आणि खाली कोण हे काही चित्रकाराच्या जागा भरण्यातून ठरलेलं नव्हतं. ठरवून मांडणी केली, तिला शब्द दिले आणि जगाच्या प्रत्येक नकाशाच्या आधी वाचकाला ती ओलांडून जायला लावलं. नकाशा उघडायच्या आधीच उतरंड डोक्यात बसते. ऑर्टेलियस स्वतः युरोपात भरपूर हिंडला, पण युरोपबाहेर कधी गेला नाही.

आशियाच्या हातातला तो धूर अँटवर्पमध्ये उभं राहून बघण्यात वेगळा अर्थ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलबारचं मिरं लिस्बनला उतरे आणि तिथून पोर्तुगीज राजाचे गुमास्ते ते याच शहरात आणून विकत. शहर श्रीमंत झालं ते या मालाच्या उलाढालीवर. चित्रात मात्र मिऱ्याचं पोतं नाही, वखार नाही, गुमास्ता नाही, तराजू नाही. आशिया आपणहून सुगंध घेऊन उभी आहे, भेट द्यायला आल्यासारखी. मला या पानाबद्दल राग येतो तो इथे. कोरणाऱ्याचा हात इतका सफाईदार आहे की नजर हटत नाही, आणि तरीही व्यवहार लपवून नजराणा दाखवला आहे हे विसरता येत नाही. दोन्ही भावना मी बरोबर घेऊन बाहेर पडते, आणि दर वेळी पहिल्याइतक्याच तीव्रतेने.

आता थोडं तंत्राविषयी, कारण ते कळल्याशिवाय ही चित्रं इतकी का पसरली हे कळत नाही. खिळे आणि लाकडी ठसे यांची जात एक: वर आलेल्या भागाला शाई लागते. त्यामुळे लाकडी ठसा खिळ्यांच्या शेजारी एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बसवता येतो, जसे आम्ही जस्ताचे ब्लॉक बसवायचो. संग्रहालयात असे सुमारे १४,००० लाकडी ठसे जपले आहेत, झाडाझुडपांचे, प्राण्यांचे, अक्षरांचे. ताम्रपटाचं उलटं. तिथे कोरणीने पाडलेल्या खोल रेघेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून प्रचंड दाबाने काढायचा. ते यंत्र वेगळं, कारागीर वेगळे, वेळ कितीतरी जास्त. म्हणून ज्या पानावर खिळ्यांचा मजकूर आणि ताम्रपटाचं चित्र दोन्ही हवं, तो ताव दोनदा छापावा लागे.

प्लांटिनच्या छापखान्यात रुळाचं यंत्र नव्हतं. तो हे काम बाहेर देत असे आणि त्याच्या वह्यांत ज्या नावाने पैसे पुन्हा पुन्हा लिहिलेले आहेत ते एका बाईचं आहे: मिंकेन लीफ्रिंक. आपल्या कारखान्यात ती प्लांटिनच्या पुस्तकांचे ताम्रपट छापून देई, रंगवूनही देई. शहरातल्या सर्वांत मोठ्या चित्रप्रकाशन संस्थांपैकी एक, चार वाऱ्यांच्या नावाची, ती मालक हिरोनिमस कॉकच्या मृत्यूनंतर १५७० पासून त्याची विधवा फोल्क्सकेन डीरिक्स हिनेच चालवली. जगाला बाईच्या रूपात दाखवणारी चित्रं कोरणारे आणि रचणारे जवळपास सगळे पुरुष. पण ती कागदावर उतरवणाऱ्यांत, विकणाऱ्यांत आणि रंगवणाऱ्यांत अशा बायका होत्या. आमच्याकडेही घडी घालणं, पिना मारणं, पानं जुळवणं हे सगळं आई आणि आत्या करायच्या आणि बिलावर नाव अण्णांचं असायचं. मिंकेनचं नाव हिशेबाच्या वहीमुळे उरलं. म्हणून मला या संग्रहालयातल्या चित्रांइतक्याच त्याच्या वह्या मोलाच्या वाटतात.

भूगोलाच्या खोलीतलं पान बघून झालं की त्याच शहरात पुढच्या तीस वर्षांत निघालेली चित्रं बघायलाच हवीत. कागदावरची चित्रं उजेडात फार दिवस ठेवता येत नाहीत, त्यामुळे ती भिंतीवर भेटतीलच असं धरून जाऊ नका. ॲमस्टरडॅमचं रायक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या मोठ्या, स्पष्ट प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात. मी त्या टॅबवर घेऊन जाते आणि आवारातल्या बाकावर बसून बघते.

पहिली मालिका मार्टेन द व्होसने रेखाटलेली आणि आद्रियान कोलार्टने कोरलेली, चार खंडांची. युरोप पृथ्वीच्या गोलावर बसली आहे. आशिया उंटावर, हातात तेच धुपाटणं. आफ्रिका मगरीवर. अमेरिका आर्मडिलोवर स्वार, पिसांचा मुकुट, हातात कुऱ्हाड आणि धनुष्य. आर्मडिलो हा खवल्यांच्या चिलखतातला प्राणी, त्याची सर्वांत मोठी जातसुद्धा शेपटीसकट दीड मीटरच्या आसपास. इथे तो घोड्याएवढा झाला आहे. पण कोलार्टने त्याचं एकेक खवलं असं कोरलं आहे की विश्वास बसावा. पार्श्वभूमीत लढाई चालू आहे आणि माणसाचं मांस भाजलं जातं आहे. चौघींपैकी एकटीलाच जनावरावर बसावं लागत नाही. ती कोण हे सांगायची गरज नाही.

दुसरं चित्र यान व्हान डर स्ट्राट याचं, थिओडोर गालेने कोरलेलं. ब्रुग्जच्या या चित्रकाराचं बरंचसं आयुष्य फ्लॉरेन्समध्ये गेलं. दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची किनाऱ्यावर उतरला आहे, पायघोळ वेषात, एका हातात ध्वज, दुसऱ्यात ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र. समोर झोळीतून अर्धवट उठलेली नग्न अमेरिका हात पुढे करते. मागे झाडीत काही जण आगीवर माणसाचा पाय भाजत आहेत. तो पूर्ण कपड्यांत, उभा, अवजारांसह; ती उघडी, नुकती जागी झालेली, रिकाम्या हातांची. जमीन कुणाची होती आणि पाहुणा कोण हे या चित्रात उलटंपालटं करून टाकलं आहे, आणि तेही इतक्या शांतपणे की पाहणाऱ्याला खटकू नये.

हे चित्र ज्या मालिकेत आहे ती नव्या शोधांची. तिच्यात होकायंत्र आहे, तोफ आहे, घड्याळ आहे, आणि एक पान छापखान्याचं, एक पान ताम्रपट कोरणाऱ्यांच्या कारखान्याचं आहे! मालिकेतल्या सगळ्या पानांत मला हे शेवटचं सर्वांत प्रिय आहे. कोरक टेबलाशी बसलेत, कुणी पट तापवतो, कुणी शाई पुसतो, एक जण रुळाच्या यंत्राचे आरे हातापायांनी ओढतो आणि दोरीवर ओले ताव वाळत घातलेत. छापखान्याच्या पानावर खिळे जुळवणारे ओळीने केसपुढे. अण्णांनी ते पान मोठं करून बघितलं आणि वाळत घातलेल्या तावांवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, पावसाळ्यात आपण पण अशीच दोरी बांधायचो." ज्यांनी अमेरिकेला असं रंगवलं त्यांना स्वतःचं कामाचं ठिकाण मात्र अचूक काढता येत होतं, एकही अवजार न चुकवता. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव यांतलं अंतर एकाच मालिकेत शेजारी शेजारी पडलेलं आहे.

या चित्रांच्या नकला होत. नकलाकार समोरचं छापील चित्र बघून तसंच ताम्रपटावर कोरी आणि छापल्यावर ते उलटं पडे. उजव्या हातातलं शस्त्र डाव्या हातात जाई. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली याचा पहिला अंदाज यावरून बांधता येतो. शिवाय १६०३ साली रोममध्ये चेझारे रिपाच्या रूपकांच्या कोशाची सचित्र आवृत्ती निघाली आणि चित्रकारांना जणू पाककृतीच मिळाली: आफ्रिकेला हत्तीच्या मुंडक्याचं शिरस्त्राण, विंचू आणि सिंह, आशियाला फुलांचा हार, मसाल्याच्या फांद्या आणि उंट, अमेरिकेला पिसं, धनुष्य आणि मुंडकं, युरोपला मुकुट, देऊळ, घोडा, पुस्तकं, वाद्यं. हत्तीचं शिरस्त्राण तर थेट रोमन नाण्यांवरून उचललेलं. मग चांदीची भांडी, छताची चित्रं, गालिचे, पुतळे, सगळीकडे याच चौघी. रविवर्म्याच्या ओलिओग्राफांनी आपल्या डोळ्यांपुढची लक्ष्मी आणि सरस्वती कायमची ठरवून टाकली, तशी या छापचित्रांनी युरोपच्या डोळ्यांपुढची आशिया ठरवून टाकली.

त्याच वेळी प्रत्यक्ष आशिया पाहिलेली माणसंही होती. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून. परत आल्यावर त्याचा वृत्तान्त १५९६ साली ॲमस्टरडॅमला कॉर्नेलिस क्लासने छापला आणि त्याच्या रेखाटनांवरून व्हान डूटेकम बंधूंनी ताम्रपट कोरले. त्यातलं गोव्याच्या मुख्य रस्त्यावरच्या सकाळच्या लिलावाचं चित्र मी कितीही वेळ बघू शकते. पालखी, छत्र्या, घोडेस्वार, सावकार, विक्रेते, आणि त्या मालात माणसंही विकायला आहेत. इथे धुपाटणं घेतलेली बाई नाही. गर्दी आहे, भाव आहे, क्रौर्य आहे. पोर्तुगीज गोव्याचं इतकं बोलकं चित्र त्या काळातलं मला दुसरं माहीत नाही. तरीही आपल्या देवांचं चित्र करताना हेच पुस्तक शिंगांची राक्षसी मूर्ती काढतं. पाहिलेला माणूससुद्धा देवळाच्या दारात पोचला की ऐकीव भीतीचाच आधार घेतो.

आणि ताम्रपट उलट्या बाजूनेही वापरला गेला. लिएजचा थिओडोर द ब्री काही वर्षं अँटवर्पला काम करून पुढे फ्रँकफर्टला गेला. तिथून त्याच्या घराण्याने १५९८ साली स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे द लास कासासच्या वृत्तान्ताची सचित्र लॅटिन आवृत्ती काढली. त्यात स्पॅनिश सैनिक अमेरिकेतल्या लोकांचे हात तोडताना, त्यांना जाळताना कोरले आहेत. प्रॉटेस्टंटांना कॅथलिक स्पेनची नाचक्की हवी होती हे खरंच. पण ऑर्टेलियसच्या पानावर छाटलेलं मुंडकं अमेरिकेच्या हातात होतं, आणि इथे तलवार कुणाच्या हातात आहे हे एकदा पाहिलं की ते पहिलं पान तुम्हाला पूर्वीसारखं दिसत नाही. ही दोन चित्रं एका बैठकीत, एकापाठोपाठ बघा.

आता जाण्यायेण्याचं. ब्रसेल्सहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास लागतो. अँटवर्प सेंट्रल स्टेशनवरून मेअर रस्त्याने सरळ चालत गेलात तर अर्धा तास धरा. ट्रामने ग्रूनप्लाट्सला उतरलात तर अगदी जवळ. सोमवारी बंद असतं. शुक्रवारी सकाळी गेलात तर दारासमोरच्या चौकात जुन्या सामानाचा लिलाव चालू असतो, ही प्रथा खूप जुनी आहे. घर सोळाव्या-सतराव्या शतकातलं, त्यामुळे जिने आणि लाकडी जमीन. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना बरोबर घेऊन सावकाश फिरा. आत उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कागदाला तो सोसत नाही. चश्मा विसरू नका. आतलं अंगण, द्राक्षवेल आणि बाक हा दमलेल्यांसाठी हक्काचा विसावा.

लहान मुलांना आवडेल का? यंत्रं आणि खिळे आवडतील, पुस्तकांच्या खोल्यांत ती कंटाळतील. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना छापखान्याचं ते पान आधी घरी दाखवून न्या, मग प्रत्यक्ष दालनात एकेक वस्तू शोधायला सांगा. मोठ्यांनी सतराव्या शतकातला चित्रकार रुबेन्स याची चित्रंही बघावीत. यान मोरेटसचा मुलगा बाल्टाझार याचा तो मित्र आणि त्याने या घराच्या पुस्तकांसाठी रूपकांनी भरलेली शीर्षकपृष्ठं रचून दिली. माझं मन त्यांत कमी रमतं, पण चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तीच खोली सर्वांत आवडेल.

एकच अपेक्षा ठेवून जाऊ नका: युरोपने जगाकडे कसं पाहिलं याचं तयार उत्तर मांडून ठेवणारी ही जागा नाही. हे छपाईचं घर आहे, आणि त्याचं बळ छपाईतच आहे. प्रश्न आपण बरोबर न्यायचे. त्यासाठी आदल्या संध्याकाळी ऑर्टेलियसचं शीर्षकपृष्ठ, कोलार्टच्या चौघी, व्हेस्पुचीचं चित्र आणि गोव्याचा लिलाव एवढं तरी नीट बघून ठेवा. आत गेल्यावर क्रम माझ्या मते असा असावा: आधी यंत्रं, मग मुद्रितशोधकांची खोली, मग खिळे ओतायची खोली, आणि भूगोलाची खोली दोनदा, एकदा मध्ये आणि एकदा निघताना. किमान तीन तास हातात ठेवा. छपाईतली माणसं बरोबर असतील तर पाच.